रविवारची सकाळ कोणाच्या खात्यातली?

कराडजवळच्या गावात माझ्या चुलतभावाचं दूध संकलन केंद्र आहे. दोन्ही वेळचे मिळून ऐंशी-नव्वद उत्पादक तिथे दूध घालतात. प्रत्येकाचं दूध मोजायचं, फॅट आणि डिग्री (दुधाची घनता) लावायची, दरपत्रकात बघून लिटरचा दर काढायचा आणि दर दहा दिवसांनी बिल करायचं. बिलातून पशुखाद्याचे पैसे, उचल, मागची बाकी कापायची. हे सगळं वर्षानुवर्षं वहीत चाललं होतं. बिलाच्या आदल्या रात्री भाऊ आणि वहिनी कॅल्क्युलेटर घेऊन दोन-दोन वाजेपर्यंत बसायचे, आणि पहाटे लोक किटल्या घेऊन पुन्हा दारात हजर. २०२२च्या दिवाळीत मी ते बघितलं आणि त्याच्यासाठी एक प्रोग्राम लिहायला घेतला. पूर्ण व्हायला दीड वर्ष लागलं. आता तेच बिल अर्ध्या-पाऊण तासात छापून होतं.

पुण्यात मी पंधरा वर्षं सॉफ्टवेअर लिहितो आहे. या पंधरा वर्षांतलं सगळ्यात समाधानाचं काम हेच. ऑफिसात मी परदेशातल्या एका विमा व्यवसायाच्या प्रणालीचा एक कोपरा सांभाळतो. तो कोपरा वापरणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. इथे मात्र वहिनीने पहिलं बिल काढलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. तिने एकेक नाव वहीशी ताडून पाहिलं. दुसऱ्या बिलालाही वही घेऊन बसली. तिसऱ्या बिलाला तिने वही काढलीच नाही, आणि त्या रात्री ती दहा वाजता झोपली. आपल्या हातच्या कामाने कोणाची तरी झोप वाढली, हे मला ऑफिसच्या कुठल्याही रिलीजनंतर कधी कळलेलं नाही.

मध्यंतरी त्या प्रोग्रामच्या जुन्या नोंदी मी पुन्हा चाळल्या. गिट या कोडमधले बदल जपून ठेवणाऱ्या साधनात प्रत्येक बदलाची तारीख आणि वेळ राहते. तीनशेच्या वर नोंदी होत्या आणि जवळजवळ सगळ्या दोनच पट्ट्यांत पडल्या होत्या: आठवड्याच्या दिवशी रात्री साडेदहा ते एक आणि रविवारी सकाळी आठ ते बारा. मग मी फोनमधले त्याच तारखांचे फोटो काढून बघितले. दरपत्रकाचा भाग पूर्ण झाला त्या रविवारी मुलीच्या बालवाडीचं स्नेहसंमेलन होतं. फोटोत ती आणि तिची आई आहे. कपातीचा हिशोब बसत नव्हता त्या आठवड्यात माझ्या आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. तिच्या डोळ्यांत ठरल्या वेळी थेंब कोण घालत होतं हे मला आठवत नाही, म्हणजे मी घालत नव्हतो. बायको सहकारी बँकेत आहे. त्या वर्षी ती सीएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची व्यावसायिक परीक्षा देणार होती. पुस्तकं आणली होती, फी भरली होती. परीक्षा राहून गेली. का राहिली, हे मी तेव्हा विचारलंही नव्हतं. वहिनीला जी झोप मिळाली ती माझ्या बायकोच्या रविवारांतून मिळाली, हे मला त्या तारखा शेजारी-शेजारी ठेवल्यावर दिसलं.

डेव्हलपरने नोकरी, घर आणि स्वतःचे प्रकल्प यांचा मेळ कसा घालावा, यावर सल्ल्यांना तोटा नाही. पहाटे पाचला उठा. दिवसाचे पंचवीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे पाडा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. उद्याच्या कामांची यादी आजच करा. यातलं बरंचसं मी करून पाहिलं आहे आणि काही गोष्टींचा उपयोगही होतो. पण या सगळ्याच्या तळाशी एक गृहीतक आहे: वेळ घरात इकडेतिकडे सांडलेला आहे, शिस्तीच्या माणसाने तो वेचून घ्यावा. दोघं नोकरी करणाऱ्या, लहान मूल आणि थकलेली आई असलेल्या घरात असा सांडलेला वेळ नसतो. पहाटे पाच ते सात मी कोड लिहिणार असेन, तर तिघांचे डबे दुसरं कोणीतरी भरतं. रात्री साडेदहाला मी खोलीचं दार लावून बसलो, तर झोप न येणाऱ्या मुलीला दुसरं कोणीतरी थोपटतं. आणि त्याआधीच्या संध्याकाळी तर कंपनीने नेलेल्याच असतात.

म्हणून हा माझ्या शिस्तीचा प्रश्न आहे असं मी आता मानत नाही. कामाचा दिवस किती वाजता संपतो, तो संपवण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि उरलेल्या तासांची घरात वाटणी कशी होते, हा सार्वजनिक प्रश्न आहे. त्याचं उत्तर कायद्यात, कंपनीच्या धोरणात आणि स्वयंपाकघरात, तिन्ही ठिकाणी शोधावं लागेल.

हिंजवडीतला दिवस कसा असतो ते बाहेरच्यांना सांगायला हवं. सकाळी वाकडहून निघून भूमकर चौक ओलांडण्यातच दमायला होतं. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. माझी मुलगी त्याच वर्षीची. ती रांगायला लागली, चालायला लागली, शाळेत जायला लागली, तोवर मी रस्त्यानेच जात होतो. ऑफिसात दहा वाजता स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, असतो. दुपारभर इथली माणसं आपापलं काम करतात आणि मग समुद्रापलीकडचा दिवस उजाडतो. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. म्हणजे नेमकी मूल घरी असण्याची, दिवेलागणीची, जेवणाची वेळ. तो कॉल घरून घेतला तर घर गप्प होतं. माझ्या मुलीला कोणी शिकवलं नाही, पण कॅमेऱ्याशेजारचा हिरवा दिवा बंद आहे ना, हे बघूनच ती माझ्याशी बोलायला येते. सात वर्षांच्या मुलीला बापाशी बोलण्याआधी दिवा बघावा लागतो, हे मला बोचतं. आणि ही फक्त माझ्या घरातली गोष्ट नाही; आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यापासून दहाव्यापर्यंत कित्येक घरांत त्या वेळी हेच चाललेलं असतं.

काम संपण्याची वेळ मागणं ही चैन आहे, असं वाटणाऱ्यांना मला मुंबईची गोष्ट आठवून द्यायची आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. सत्यशोधक चळवळीतला हा माणूस ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक चालवत होता आणि गिरणीतलं जिणं त्याने आतून पाहिलेलं होतं. आठवड्यातला एक दिवस सुटी मिळावी म्हणून तो वर्षानुवर्षं अर्ज-विनंत्या, सभा करत राहिला आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागे होतं असं सांगतात. मला ते फार मोलाचं वाटतं. सुटी ताजंतवानं होऊन सोमवारी जास्त सूत काढण्यासाठी मागितली नव्हती. माणसाचं देवाशी, घराशी, जातभाईंशी, समाजाशी काही नातं असतं आणि त्याला वेळ लागतो, म्हणून मागितली होती. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते, त्या काळातल्या प्रयत्नांतून १९४६ साली कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. जी रविवारची सकाळ मी दूध डेअरीच्या प्रोग्रामला दिली, ती अशी भांडून मिळालेली आहे.

आणि आज उलट दिशेने बोललं जातं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं. रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असा प्रश्न त्यांनी केला होता. या दोघांच्या कर्तृत्वाबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण ९० तासांचा आठवडा म्हणजे सातही दिवस जवळपास तेरा तास. इतकं काम करणाऱ्या माणसाचं जेवण, कपडे, मुलं, आजारी आईवडील हे सगळं कोणीतरी दुसऱ्याने पूर्णवेळ बघावं लागतं, आणि त्या दुसऱ्या माणसाचा पगार या हिशोबात कुठेच नाही. बाकी देहाचा हिशोब तर झालेलाच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असल्याचं आढळलं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, त्यावरच्या कामाला दुप्पट दराने मोबदला सांगितला. आयटी कंपन्याही आस्थापनाच आहेत. पण गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदांवरच्या लोकांना हा कायदा लागू होत नाही, आणि आमच्या क्षेत्रात चौथ्या-पाचव्या वर्षी माणूस ‘लीड’ होतो. हाताखाली दोन नवी मुलं आली की पर्यवेक्षक. पद वाढल्याच्या आनंदात आपण एका संरक्षणाबाहेर गेलो हे कोणाला कळतही नाही. दुप्पट मोबदला मिळालेला एकही डेव्हलपर माझ्या माहितीत नाही. टाइमशीटमध्ये आठच्या वर तास भरू नका, असं तोंडी सांगितलं गेलेले मात्र बरेच आहेत. २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या सल्लागार कंपनीतल्या तरुण चार्टर्ड अकाउंटंट मुलीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. त्यानंतर कामगार खात्याने पाहणी केली, तेव्हा त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच झालेली नसल्याचं समोर आलं. कायदा आहे, पण दारात कोणी येऊन बघत नाही, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नको. आणि यानंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने दुकाने-आस्थापनांसाठी दिवसाची मर्यादा ९ वरून १० तासांवर आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर नेण्याला मान्यता दिली. मला याचं मनापासून दुःख वाटतं.

कामाच्या वेळेबाहेर फोन-ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क असावा, यासाठी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. संसदेने मंजूर केलेलं शेवटचं खासगी विधेयक १९७० सालचं आहे, त्यामुळे केवळ या वाटेने फार आशा नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना याविषयी कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. मला ऑस्ट्रेलियाची पद्धत जास्त जवळची वाटते. तिथे ऑगस्ट २०२४ पासून वेळेबाहेरच्या संपर्काला उत्तर न देण्याचा हक्क आहे, मात्र उत्तर न देणं अवाजवी ठरत असेल तर तो हक्क चालत नाही. सर्व्हर बंद पडला आहे आणि ऑन-कॉलची पाळी माझी आहे, तर मी उठणारच. त्याचा भत्ता मला मिळाला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी उशिरा येता आलं पाहिजे. पण उद्याच्या मीटिंगची स्लाइड रात्री दहाला हवी असेल, तर ती सकाळी मिळेल.

यावर माझ्या ओळखीचे मॅनेजर, आणि ते चांगली माणसं आहेत, म्हणतात की ग्राहक अमेरिकेत आहे, तो त्याच्याच वेळेला बोलणार. आपण नाही म्हणालो तर काम मनिलाला किंवा पोलंडला जाईल. ही भीती खरी आहे. आमच्या घराचे हप्ते त्याच ग्राहकाच्या पैशांवर चालतात. पण संध्याकाळी साडेसातला कॉल असणं ही अडचण नाहीच. सकाळी दहाला स्टँडअपही आहे आणि संध्याकाळी साडेसातला कॉलही आहे, ही अडचण आहे. ज्याने रात्री बोलायचं त्याचा दिवस दुपारी सुरू करा. आठवडा वाटून घ्या, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एक-दोनच रात्री येतील. रुग्णालयांत, छापखान्यांत, एसटीच्या डेपोत पाळ्या लावण्याची विद्या आपल्याकडे कधीची आहे. आयटीत ती येत नाही, कारण इथे दिवसाची दुसरी बाजू उघडी ठेवायला काही खर्च पडत नाही. खर्च पडू लागला की तीही शिकली जाईल.

आयटीवाल्यांना पगार भरपूर, मग कुरकुर कशाला, हेही ऐकायला मिळतं. मोठ्या सेवा कंपन्यांत नव्याने लागणाऱ्या मुलाचा पगार गेली कित्येक वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. पिंपळे सौदागरला चौघांत खोली घेऊन राहणाऱ्या त्या मुलाला हे वाक्य लागू होत नाही. आणि ज्याला चांगला पगार आहे, त्याने घरच्यांचा वेळही विकला आहे असं कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं.

आता उत्पादकता. तासांवर बोललं की हा शब्द पुढे केला जातो, पण ती मोजायची कशी हे आमच्या क्षेत्राला अजून नीट ठाऊक नाही. लिहिलेल्या ओळी मोजाव्यात तर चांगला डेव्हलपर कित्येकदा ओळी कमी करतो. जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमधली तिकिटं, म्हणजे कामांच्या नोंदी, मोजावीत तर एका तिकिटाची पाच होतात. मेटर नावाच्या संस्थेने जुलै २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वतःच्याच ओळखीच्या मुक्त-स्रोत (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रकल्पांवर काम करणारे १६ अनुभवी डेव्हलपर आणि २४६ कामं. काही कामं एआयच्या मदतीने, काही मदतीशिवाय. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि करणाऱ्यांना मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की आपलं काम २० टक्के लवकर झालं. साधनं बदलत आहेत, उद्या हा आकडा फिरेलही. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. इतक्या जाणत्या माणसांनाही स्वतःचा वेग कळला नाही. ज्याला आपला वेग आतून कळत नाही त्याला जास्त वेळ खुर्चीत बसवून वेग वाढतो, असं बाहेरून बघणाऱ्याने ठामपणे सांगावं हे मला पटत नाही. माझा स्वतःचा अनुभव म्हणाल तर रात्री अकरानंतर लिहिलेला कोड मी सकाळी दुरुस्त करतो. डेअरीच्या प्रोग्रामचीही तीच गत. उचल दोनदा कापली जाण्याची जी चूक तीन आठवडे सापडत नव्हती, ती गावी गेल्यावर भर दुपारी, वहिनीने चहा आणून ठेवेपर्यंत सापडली.

मग डेव्हलपरने स्वतःचे प्रकल्प करूच नयेत का? तसं झालं तर मला फार वाईट वाटेल. या क्षेत्रातला मोठा भाग अशाच मोकळ्या वेळातून आला आहे. पायथन ही भाषा गिडो व्हान रॉसम यांनी १९८९च्या नाताळच्या सुटीत लिहायला घेतली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स या संगणक-प्रणालीची घोषणा केली ती हेलसिंकीत शिकत असताना, हा आपला छंद आहे असं सांगून. आपल्या भाषेचंच बघा: मराठी विकिपीडिया २००३ पासून उभा राहिला तो आपापला दिवस संपवून रात्री लेख लिहिणाऱ्या स्वयंसेवकांच्या जिवावर. मोकळ्या वेळात माणूस जे करतो त्यात त्याचा जीव असतो, आणि समाजाला अशा कामाची गरज आहे.

पण या मोकळ्या वेळालाही आता हात घातला गेला आहे. मुलाखतीला येणाऱ्या मुलांना विचारलं जातं, तुझं गिटहब (डेव्हलपर आपला कोड जिथे ठेवतात ती वेबसाइट) दाखव, रात्री-रविवारी काय केलंस ते सांग. मीही हा प्रश्न विचारलेला आहे. वरवर तो उत्साह तपासणारा प्रश्न आहे. प्रत्यक्षात तो, तुझ्या घरी तुझी कामं दुसरं कोणी करतं का, हे तपासतो. बावीस वर्षांच्या, घरी आई डबा करून देणाऱ्या मुलाकडे दाखवायला बरंच काही असतं. बाळंतपणाच्या रजेवरून परत आलेल्या, त्याच्याहून चांगला कोड लिहिणाऱ्या बाईकडे त्या दोन वर्षांत काहीच नसतं. मी मुलाखतीत आता गिटहब मागत नाही. तासभर सोबत बसून एखादा प्रश्न सोडवला की जे कळायचं ते कळतं.

मोकळ्या वेळातल्या कामावर जग किती टेकलेलं आहे, हे मार्च २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन असंख्य लिनक्स यंत्रांवर असतं. लासे कोलिन नावाचा फिनलंडचा डेव्हलपर ते बिनपगारी सांभाळत होता. काम संथ चाललं आहे म्हणून लोक मागे लागले, तेव्हा २०२२ मध्ये त्याने लिहिलं होतं की आपल्याला दीर्घकाळ मानसिक त्रास आहे आणि हा विनामोबदला चालणारा छंदाचा प्रकल्प आहे. मदतीला म्हणून आलेल्या एका टोपणनावाच्या माणसाने दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला आपल्या यंत्रात लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो आहे, ही शंका आली म्हणून तो सापडला. कोट्यवधींचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्या एका दमलेल्या माणसाच्या रविवारांवर उभ्या होत्या. त्या कंपन्यांनी आपल्या डेव्हलपरांना आठवड्यातले चार तास अशा प्रकल्पांसाठी ऑफिसच्या वेळेत दिले असते, तरी त्याचा भार हलका झाला असता. हे अशक्य नाही. गूगलच्या संस्थापकांनी २००४ मध्ये शेअर बाजारात येताना गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात, कर्मचाऱ्यांनी २० टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवावा अशी आपली पद्धत असल्याचं लिहिलं होतं आणि त्यातून आलेल्या सेवांची नावंही दिली होती.

आमच्याकडे उलट करार आहेत. नोकरीत असताना, मग ते कधीही आणि कुठेही असो, जे काही लिहाल त्यावर कंपनीचा हक्क, अशी कलमं सर्रास असतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं १७वं कलम नोकरीच्या कामाच्या ओघात केलेली निर्मिती मालकाची मानतं. त्याबाहेर केलेली निर्मिती करणाऱ्याची. करार मात्र ही रेघ पुसून टाकतो. डेअरीचा प्रोग्राम लिहायच्या आधी मी लेखी परवानगी मागितली. ती यायला पाच आठवडे लागले. २०२२ मध्ये मूनलायटिंगचा, म्हणजे एका नोकरीत असताना दुसरीकडेही काम करण्याचा, वाद झाला, विप्रोने ३०० जणांना काढलं, तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या. दिवसाच्या त्याच आठ तासांत दोन कंपन्यांचा पगार घेणं ही फसवणूक आहे, त्याबद्दल मला दुमत नाही. पण दिवस संपल्यावर भावाच्या डेअरीचं बिल करून देणं, गावच्या वाचनालयाची यादी लावून देणं, मराठी शब्दकोशाचं ॲप लिहिणं यासाठी मालकाची परवानगी का लागावी? करारातला ‘कधीही आणि कुठेही’ हा तुकडा कायद्याने निरर्थक ठरवला पाहिजे.

आता घराबद्दल. हे लिहिताना मला सगळ्यात अवघड जातं. समजा, उद्या सगळं मनासारखं झालं आणि सहाला लॅपटॉप मिटला. ते दोन-तीन तास कोणाचे? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं, आणि पुरुष ८८ मिनिटं. फरक दोनशे मिनिटांचा, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. माझ्या नोंदींतल्या रात्री साडेदहा ते एक या पट्टीपेक्षाही जास्त. आम्ही पुरुष डेव्हलपर ज्याला आमचा मोकळा वेळ म्हणतो, तो बराचसा या फरकातून आलेला आहे. कंपनीकडून तास परत मागताना आपण घरातून घेतलेल्या तासांबद्दल गप्प राहिलो, तर त्या मागणीत खोट राहील. खासगी नोकरीतल्या बापाला मूल झाल्यावर एक दिवसाचीही हक्काची रजा देणारा कायदा आपल्याकडे नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला ती १५ दिवस आहे. ती सगळ्यांना द्या. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी हे २०१७ पासून कायद्यात आहे. ते पाळणाघर कागदावर आहे की चालू आहे, हे बघायला निरीक्षक पाठवा. मुलाला आणायची घाई मग एकट्या आईला राहणार नाही.

ती नोंद बघितल्याला आता सात-आठ महिने झाले. बायकोने पुन्हा फी भरली आहे. रविवारी सकाळी आठ ते बारा ती खोलीत असते आणि दार लावलेलं असतं. पोहे, आईची औषधं, मुलीचं न्हाणं, भाजी, हे माझ्याकडे. पहिले दोन-तीन रविवार मुलगी दर दहा मिनिटांनी आईच्या दारावर थाप मारायची. आता मारत नाही.

गेल्या आठवड्यात भावाचा फोन आला. म्हशीच्या दुधाचं दरपत्रक बदललं आहे, डेअरीने सहाच्या पुढच्या फॅटला वेगळी पायरी लावली आहे. “दादा, या रविवारी जमंल का?” मी त्याला सांगितलं की परीक्षा होईपर्यंत रविवार जमणार नाही, मी एक दिवस रजा टाकतो आणि गावी येतो. तोवर वहिनीने म्हशीचं तेवढं बिल वहीत करायचं ठरलं आहे.